मोरसचा सांगावा

साखर कारखान्यात नोकरी करून साखर न खाणारा एकच माणूस मी पाहिला. आम्ही त्यांना तात्या म्हणत असू. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ते टाइम ऑफिसात होते, म्हणजे कामगारांची हजेरी मांडायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि मी शेजारच्या खोलीत हिशेबाला होतो. मधल्या भिंतीत एक लाकडी खिडकी होती. तिच्यातून चहाची किटली पलीकडे जायची आणि तात्यांनी हात न लावता तशीच परत यायची. त्यांचा कोरा चहा वेगळा येई. खिशातल्या पितळी डबीतून ते गुळाचा एक खडा काढत, कपात सोडत आणि पेन्सिलीच्या उलट्या टोकानं ढवळत बसत.

नवीन माणूस विचारायचा, "तात्या, शुगर आहे का तुम्हाला?"

"छे हो. आमच्यात मोरस चालत नाही."

मोरस हा शब्द आता फारसा ऐकू येत नाही. आमच्या लहानपणी घरातल्या म्हाताऱ्या बायका पांढऱ्या साखरेला मोरस म्हणायच्या. तात्यांच्या कुळात ती वर्ज्य होती. का, ते त्यांनाही माहीत नव्हतं. कुणाच्या कुळात पांढरं वांगं चालत नाही, कुणाच्यात कोहळा कापत नाहीत, तसंच हे, अशी त्यांची समजूत. कामगारांना सवलतीची साखर मिळायची त्या दिवशी सगळा कारखाना पिशव्या घेऊन रांगेत उभा असे आणि तात्या खुर्चीत बसून हजेरीची बेरीज तपासत असत. बॉयलरवरचा एक फिटर त्यांना नेहमी डिवचायचा, "तात्या, तुमच्या वाटची साखर कारखान्याच्या नफ्यात धरत्यात म्हनं."

"धरू दे. तेवढाच तोटा कमी दिसंल," तात्या मान वर न करता म्हणायचे.

पाठीमागं कामगार त्यांना 'काळंपाणी' म्हणत. ते तात्यांच्या कानावर होतं. राग मानायचा त्यांचा स्वभाव नव्हता. उलट कुणी विचारलं तर ते हातातलं काम बाजूला ठेवून सगळं सांगायला बसत. हजेरीपत्रकाचा कागद पुढे ओढत आणि म्हणत, "हे बघा. माणूस एक तर हजर असतो, नाही तर रजेवर असतो, नाही तर गैरहजर. आमच्या पणजोबाला ह्यातल्या कुठल्या रकान्यात बसवू, तेवढं सांगा."

तात्यांचं गाव पारनेर तालुक्यातलं, कोरडवाहू. कंपनी सरकारच्या काळात गावाबाहेर कुणा गोऱ्या साहेबाचा तळ पडला होता. तात्यांच्या पणजोबानं त्या साहेबाची घोडी चोरली आणि लांबच्या बाजारात विकताना तो सापडला. त्याला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. मागं बायको आणि तिच्या पोटात मूल. त्यानंतर त्या माणसाचा काही ठावठिकाणा लागला नाही. बारा वर्षं झाल्यावर भाऊबंद बाईला म्हणाले, आता कुंकू पूस, आपण त्याचे दिवस करून टाकू. ती म्हणाली, "ते गेले म्हणून कुणी सांगितलं?" ती म्हातारी होऊन मेली तेव्हा तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या आणि भाऊबंदांनी तिला सवाष्ण म्हणून हिरवं लुगडं नेसवून पोचवलं.

म्हणजे घराण्याच्या लेखी तो माणूस कधी मेलाच नव्हता. त्याचा दहावा नाही, तेरावा नाही, पितृपंधरवड्यात त्याच्या नावाचा घास नाही. तात्यांच्या वडिलांनी ह्याकडे लक्ष दिलं नाही. तात्यांच्या मनात मात्र ते जाऊन बसलं होतं. त्यांना मूलबाळ नव्हतं, चुलत भावांना यात गम्य नव्हतं. "मी आहे तोवर तो निदान हरवलेला तरी आहे," ते म्हणायचे. "मी गेलो की तो हरवलाय हेसुद्धा कुणाला माहीत राहणार नाही." त्या माणसाला स्वतःच्या हातानं पोचवायचं आणि मग डोळे मिटायचे, एवढीच त्यांची इच्छा होती. दुसरं काही मागताना मी त्यांना पाहिलं नाही.

त्यांच्या टेबलाच्या खणात शाळेतला जुना नकाशासंग्रह असे. अंदमानचं पान हात लावून लावून मऊ पडलं होतं. नगरच्या छावणीतला कुणी जवान सुट्टीवर भेटला की तात्या त्याला पहिला प्रश्न विचारत, "अंदमानला गेला होतात का कधी?" पोर्ट ब्लेअरला आणि दिल्लीला त्यांनी किती पत्रं पाठवली असतील, त्याचा नक्की आकडा मला माहीत नाही. उत्तरं थोडी आली आणि त्या सगळ्यांचा मतलब एकच होता: अशा नावाचा कैदी आमच्या दप्तरात नाही.

ते कारखान्याच्या वसाहतीत राहत तेव्हा सकाळी आंघोळ झाल्यावर पूर्वेकडे तोंड करून ओंजळभर पाणी सोडताना मी त्यांना बघत असे. एकदा मी सहज म्हणालो, "सूर्याला का?"

"सूर्याला कशाला? त्याला काय कमी आहे? पणजोबाला. अंदमान ह्या अंगाला येतं."

"पण तात्या, पाणी मेलेल्या माणसाला सोडतात. तुमच्यात तर ते मेलेले नाहीत."

"तहान जित्यालाही लागते हो," तात्या म्हणाले आणि पंचा पिळू लागले.

विनोद त्यांच्या बोलण्यात असा मधेच यायचा, आणि चेहरा मात्र दुखवट्याला बसल्यासारखा. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली त्या वर्षी त्यांच्या गावचे सरपंच त्यांना भेटायला कारखान्यावर आले होते. शाळेपुढे एक दगड उभारायचा, त्यावर गावातल्या देशभक्तांची नावं कोरायची, असं घाटत होतं. गावात देशभक्त कमी पडत होते.

"तात्या, तुमच्या पणजोबाचं नाव द्या. काळ्या पान्याची शिक्षा काय उगं हुती व्हय? सायबाशी टक्कर दिली आसनार त्यानी."

"घोडी चोरली त्यानं."

"सायबाचीच ना पर? मंग इंग्रजाच्या इरोधातच झालं की!"

"घोडीला कुठं माहीत होतं आपण इंग्रज आहोत ते," तात्या म्हणाले. "नाव घालायचं तर घाला. पण पुढं 'घोडीचोर' असं घाला. नुसतं नाव मी घालू देणार नाही."

सरपंच चहा न घेता गेले. मी म्हणालो, "तात्या, दगडावर नाव राहिलं असतं." ते म्हणाले, "दगडावर नाव राहून काय करू? मला तो देशभक्त व्हायला नकोय, मला तो मयत व्हायला हवाय."

अंदमानला मात्र ते त्याच्या आधीच जाऊन आले होते. बांगलादेशची लढाई संपून बोटी पुन्हा सुरळीत चालू लागल्यावर त्यांनी फंडातून कर्ज काढलं आणि लांबची रजा टाकली. मद्रासहून बोटीनं जायचं ठरलं. गावच्या भटजींनी सांगितलं होतं की देह नसला तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देता येतो. अंदमानात पळस मिळेल की नाही, ह्या शंकेनं तात्यांनी पळसाची पानं गावाहून ट्रंकेत भरून नेली. कपड्यांना जागा उरली नाही म्हणून दोन धोतरं अंगावर नेसून गेले. तिकडे एका देवळातला पुजारी त्यांना मिळाला. त्याला मराठी येत नव्हतं आणि तात्यांचं हिंदी म्हणजे मराठीच, थोडं मोठ्यानं बोललेलं. पानं प्रवासात वाळून कडकडीत झाली होती. "बरं झालं," तात्या मला म्हणाले, "चटकन पेटला."

ते परत आले ते डोकं आणि मिशा भादरून. रजेतच आमंत्रणाला कारखान्यावर आले तेव्हा गेटवरच्या वॉचमननं त्यांना ओळखलं नाही. तेराव्याला त्यांनी सगळ्या टाइम ऑफिसला, हिशेबखात्याला आणि त्या डिवचणाऱ्या फिटरलाही गावी जेवायला बोलावलं. शंभरावर वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाच्या तेराव्याला काय म्हणून जायचं, यावर चर्चा झाली, पण गेले सगळे. पानात बुंदी होती. तात्या स्वतः साखर खाणार नव्हते. "पण गावानं काय म्हणून गुळाचं खावं?" असं म्हणून त्यांनी आम्हालाच साखरेचं सांगितलं होतं, आणि आम्ही चारपाच जणांनी आपापल्या वाटची सवलतीची साखर एकत्र करून पाठवली होती. त्या दिवशी मी तात्यांना पहिल्यांदा निवांत बसलेलं पाहिलं. पंगतीच्या कडेला एका पाटावर बसून ते फक्त माणसं जेवताना बघत होते.

खर्ड्याकडे दिलेली त्यांची एक आत्या होती, नव्वदीच्या घरातली. पुतण्यानं तिला एसटीच्या फाट्यावरून बैलगाडीतून आणलं होतं. डोळ्यांनी तिला धड दिसत नव्हतं. तिनं बुंदीचा घास तोंडात घातला आणि तसाच हातावर थुंकला.

"मोरस घातली का रं ह्यात?"

तात्या उठून तिच्याजवळ गेले. "पाहुण्यांसाठी घातलीय आत्या. तुला गुळाची लापशी केलीय."

"ज्या मोरसनं मानूस गिळला, तीच त्याच्या तेराव्याला वाढतुस? लाज न्हाई वाटत?"

माझ्याशेजारी बसलेला फिटर हसला. मलाही वाटलं, म्हातारी काहीतरी बरळते आहे. तात्या मात्र तिच्यापुढे उकिडवे बसले.

"मोरसनं गिळला म्हणजे काय आत्या?"

"म्हंजी काय? मोरसलाच नेल्तं न्हवं त्याला. आजी सांगायची की. मुंबैला न्येलं, तितनं गलबतात घातलं अन् मोरसला न्येलं. ऊस हाय म्हनं तिथं, समदा ऊसच ऊस. म्हनून तर तिनं घरात मोरस येऊ दिली न्हाई."

"अगं, मोरस म्हणजे साखर."

"साखर मागनं. आदी गाव हाय त्ये. तिथनं यायची म्हनून मोरस."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू कवा इचारलंस?" म्हातारी म्हणाली. "आन् काळ्या पान्यावर न्येलं, काळ्या पान्यावर न्येलं, आसं तुमीच म्हनता. मोरसला काय कोरड्यानं जात्यात व्हय?"

पंगतीत बाकीचे जेवत होते. तात्यांनी खांद्यावरच्या उपरण्यानं आत्याच्या हातावरची बुंदी पुसून घेतली.

दुसऱ्या दिवशी ते रजा असूनही कारखान्यावर आले आणि खिडकीतून नकाशासंग्रह माझ्याकडे सरकवला. आमच्या लॅबमधल्या चीफ केमिस्टना बोलावलं. ते म्हणाले, पूर्वी मुंबईला परदेशी साखर यायची ती मॉरिशस बेटावरूनही यायची, मोरस हे त्याच नावाचं आपल्या लोकांनी केलेलं रूप. मी कागदावर हिशेब मांडला. आत्याचं वय, तिला आठवणाऱ्या आजीचं वय, पोटात असलेलं मूल. कसंही धरलं तरी पणजोबाला नेलं ते सत्तावनच्या बंडाच्या बरंच आधी. अंदमानात कैद्यांची वसाहत झाली ती बंडानंतर. हे गणित शाळेतल्या पोराला जमण्यासारखं होतं. पण काळं पाणी म्हटलं की अंदमान, हे आम्हा सगळ्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की ते कुणी मांडूनच पाहिलं नव्हतं. काळं पाणी म्हणजे समुद्र. कुठलाही.

तात्यांनी नकाशात मॉरिशस शोधलं. आफ्रिकेच्या अंगाला, खाली, मोहरीएवढं. अंदमानच्या अगदी उलट दिशेला. पान मिटून ते म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी त्याच्याकडे पाठ करून पाणी देत होतो."

त्यानंतर तात्यांनी डोक्यावर केस येऊ दिले नाहीत. दर आठवड्याला न्हाव्याकडे जायचे आणि डोकं, मिशा भादरून यायचे. आम्हाला आधी वाटलं, सवय लागली असेल. पण ते कुणाच्या लग्नाला जाईनात, कपाळाला गंध लावीनात. देवळापाशी आले की बाहेरूनच वळत. केलेलं कार्य भलत्याच ठिकाणी झालं, तेव्हा ते झालंच नाही, असं त्यांचं म्हणणं. भटजींनी पोथी उघडून समजावलं की विधी कुठंही केला तरी पोचतो. तात्या म्हणाले, "एका खात्यातल्या माणसाची हजेरी मी दुसऱ्या खात्यात लावली तर पगार पोचेल का त्याला?" मॉरिशसला जाणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. त्या वर्षअखेर ते निवृत्त झाले आणि गावी राहायला गेले.

तो दुष्काळाचा काळ होता. पावसानं सगळीकडेच दगा दिला होता. तात्यांच्या गावचे बहुतेक लोक दुष्काळी कामावर रस्त्याची खडी फोडायला जात. पाणी टँकरनं येई. उन्हाळा लागल्यावर एक दिवस तात्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, वसाहतीतल्या माझ्या बिऱ्हाडी आल्या. त्या एकट्या प्रवास कधी करत नसत.

"दादा, तुमचं ते ऐकत्यात, म्हनून आले," त्या म्हणाल्या. "घरात दिवा लागत न्हाई. सन न्हाई, वार न्हाई. पुतनीचं लगीन झालं, आमी उंबरा वलांडला न्हाई. जेवनही टाकत आल्यात आता. म्हनत्यात, सुतक हाय. आसं किती दिवस ठेवायचं वो सुतक?"

मी पुढच्या रविवारी गेलो. तात्या ओसरीवर बाजेवर पडले होते. अंगात काही उरलं नव्हतं. शिक्षा भोगून आलेल्या माणसासारखे दिसत होते. मी भटजींना विचारून तयारी करून गेलो होतो. म्हणालो, "तात्या, परगावच्या मृत्यूची बातमी वर्ष उलटल्यावर कळली, तर सुतक धरत नाहीत. नुसती आंघोळ केली की फिटतं. शास्त्रातच आहे."

"आहे ना," ते म्हणाले. "पण बातमी कळली तर. मला बातमी कुणी दिली? आत्यानं सांगितलं ते त्याला नेल्याचं. गेल्याचं कुणी सांगितलं?"

"पण तात्या, हे उघडच आहे."

"उघड आहे म्हणून मी गैरहजेरी मांडत नसे. कुणीतरी येऊन सांगावं लागतं." मग माझ्याकडे कूस वळवून म्हणाले, "आमच्याकडे मयताचा सांगावा घेऊन माणूस येतो. तो आत येत नाही. पायरीखाली उभा राहतो, सांगतो, पाणीसुद्धा न घेता परत फिरतो. माझ्या पणजीनं आयुष्यभर त्या माणसाची वाट पाहिली. तो आला नाही. त्याच्याशिवाय मी कशाला हो म्हणू?"

काकूंनी दिलेलं पाणी मी प्यायलो आणि परत आलो.

आठवडाभर ते माझ्या डोक्यात होतं. न घडलेली गोष्ट घडली म्हणून सांगणं मला जमत नाही. नोकरीत कधी केलं नाही आणि घरातही करत नाही. पण यात खोटं काय होतं, ते मला सापडेना. पुढच्या रविवारी मी पुन्हा पारनेरची एसटी धरली. फाट्यावर उतरून चालत गेलो. तात्या तसेच ओसरीवर पडले होते. काकू म्हणाल्या, "या, या दादा." मी पायरीखाली उन्हात उभा राहिलो. काकूंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. मी हात जोडले आणि मान हलवली.

"तात्या," मी म्हणालो, "तुमच्या पणजोबांचा सांगावा आहे. ते गेले."

काकू तांब्या घेऊन तशाच उभ्या राहिल्या. तात्या हळूहळू उठून बसले. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. माझी चेष्टा तर करत नाही ना हा, असं ते बघत असावेत.

"कुणी पाठवलं तुम्हाला?"

"पाठवणारं कुणी उरलं नाही. म्हणून मी आलो."

"कुठं गेले?"

"मोरसला."

"कधी?"

"दिवस कळला नाही."

"जवळ कोण होतं?"

"ते मला माहीत नाही, तात्या."

मी काही बनवून सांगितलं असतं, म्हणजे कुणीतरी गाववाला होता, त्यानं तोंडात पाणी घातलं, असं काही, तर ते ऐकायला बरं वाटलं असतं. पण मी माहीत होतं तेवढंच सांगितलं. तात्यांनी पुन्हा विचारलं, "नक्की गेले?"

"नक्की."

त्यांनी दोन्ही हात भादरलेल्या डोक्यावर ठेवले आणि जो हंबरडा फोडला तो मी आधी कधी ऐकला नव्हता. तेराव्याला ते रडले नव्हते. आता ते आपल्या पणजोबाला नातवंडं मारतात तशी हाक मारून रडत होते आणि शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहत होत्या. काकूंनी दुसऱ्या कुणाला विचारलं नाही. टँकरच्या पाण्याची घागर उचलून त्या अंगणात आल्या, नवऱ्याला दंडाला धरून खाली आणलं, दगडावर बसवलं आणि घागर डोक्यावर रिती केली. त्या दिवसांत तेवढं पाणी घरात दोन दिवस पुरवीत असत.

सांगावा आणणाऱ्यानं थांबायचं नसतं. मी वळलो आणि चालू लागलो. गावाबाहेर दुष्काळी कामावर रविवार असूनही चारदोन माणसं बाभळीच्या तुटक्या सावलीला खडी फोडत होती. एका म्हाताऱ्यानं मला ओळखलं. तेराव्याच्या पंगतीत तो आमच्या समोर बसला होता.

"काय पाव्हनं, उन्हाचं? कुनाकडं गेल्ता?"

"तात्यांकडे. सांगावा द्यायला. त्यांचे पणजोबा गेले."

म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा हसेल. त्यानं हातोडा खाली ठेवला, डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर घेतलं.

"आरं आरं," तो म्हणाला. "लई दिस झालं हुतं बिचाऱ्याला. सुटला."